पुनरागमनाचा अल्बम ऐकताना सहानुभूती जरा बाजूला ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रॅपवरची परीक्षणं मराठी वृत्तपत्रांत आता बऱ्यापैकी येऊ लागली आहेत, हे चांगलंच आहे. पण एक खोड जाता जात नाही. एखादा जुनाजाणता रॅपर घटस्फोट, व्यसन, तुरुंग किंवा जिवलग मित्राचा मृत्यू सोसून नवा अल्बम घेऊन आला, की परीक्षणाचा पाऊण भाग त्याच्या हालअपेष्टांवर खर्च होतो. उरलेल्या चार ओळींत ‘काळजाला भिडणारा’ असा शिक्का मारून साडेचार तारे वाटले जातात. अल्बम किती मिनिटांचा आहे, बीट (म्हणजे शब्दांखालचा ताल आणि संगीत) कोणी बांधले, आवाज टिकलाय का, कडवी कुठे सैल पडली, यातलं वाचकाला काही कळत नाही. दुःख खरं असेल; त्यामुळे कडवं आपोआप चांगलं होत नाही.

उदाहरण म्हणून अमेरिकन रॅपर नॅसचा ‘लाइफ इज गुड’ घ्या. जुलै २०१२ मध्ये आलेला हा अल्बम अशा परीक्षणासाठी उत्तम नमुना आहे, कारण त्याच्यामागची कहाणी इतकी ठसठशीत आहे की गाणी न ऐकताही परीक्षण लिहून होईल. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीतल्या या मुलानं १९९४ मध्ये, वीस वर्षांचा असताना, ‘इल्मॅटिक’ काढला आणि पुढची सगळी कारकीर्द त्या एका अल्बमच्या सावलीत काढली. २००५ मध्ये त्यानं गायिका केलिसशी लग्न केलं. २००९ मध्ये ती सात महिन्यांची गरोदर असताना घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला आणि २०१० मध्ये घटस्फोट झाला. भरीला लाखो डॉलरची करथकबाकी. मुखपृष्ठावर पांढऱ्या सुटातला नॅस बसलाय आणि त्याच्या मांडीवर केलिसचा हिरवा लग्नाचा पोशाख. परीक्षकाला आणखी काय हवं?

तर आधी गाण्यांची यादी हातात घ्या आणि मोजा. मूळ आवृत्तीत १४ गाणी आहेत. त्यातलं संपूर्णपणे घटस्फोटावर बेतलेलं गाणं एकच, ‘बाय बेबी’, आणि तेही चौदावं. म्हणजे ज्या पोशाखाचं चित्र पाहून आपण अल्बम उघडतो, त्याची गोष्ट ऐकायला शेवटपर्यंत थांबावं लागतं. मधल्या तेरा गाण्यांत नॅस लहानपणच्या भुकेबद्दल, क्वीन्सबद्दल, चुकून झालेल्या खुनांबद्दल, मोठ्या होणाऱ्या मुलीबद्दल बोलतो. या अल्बमचा खरा विषय मला विचाराल तर वय आहे. तो आला तेव्हा नॅस ३८ वर्षांचा होता, आणि रॅपमध्ये अडतिशी म्हणजे क्रिकेटमधली अडतिशीच: खेळता येतं, पण प्रत्येक डावाला निवृत्तीचा प्रश्न चिकटलेला.

‘डॉटर्स’ नीट ऐका. तुरुंगातल्या एका मुलाला आपल्या मुलीनं पत्र लिहिल्याचं बापाला कळतं, हे पहिलं कडवं. तिनं इन्स्टाग्रामवर टाकलेला नको तो फोटो आणि त्यावरून बापाला आलेले फोन, हे दुसरं. प्रसंग दोन, आणि दोन्ही नेमके. उपदेश येतो तो नंतर, आणि तोही स्वतःला चिमटा काढत: पोरं काय विचार करतात हे बापाला पक्कं ठाऊक आहे, कारण तो स्वतः तसलाच पोरगा होता. व्यक्तिगत गाणं इथे साधतं, कारण त्यात पत्र आहे, फोटो आहे, फोन आहे. ‘मी खूप सोसलं’ असं नुसतं म्हणणारं कडवं दुसऱ्या वेळी ऐकवत नाही. पुनरागमनाचे बहुतेक अल्बम याच ठिकाणी घसरतात. दुःखाचं नाव घेतलं जातं, पण त्यातली एकही वस्तू दाखवली जात नाही.

‘बाय बेबी’ची बांधणी आणखी पाहण्यासारखी आहे. त्याच्या तळाशी ‘गाय’ (Guy) या अमेरिकन गायक-गटाच्या ‘गुडबाय लव्ह’ या १९८८ च्या गाण्याचं सॅम्पल, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा, आहे. १९८८ च्या उन्हाळ्यात नॅस चौदा वर्षांचा होता. ज्या वयात प्रेमाची गाणी पहिल्यांदा खरी वाटतात, त्या वयातलं गाणं त्यानं लग्न मोडल्याची हकिगत सांगायला निवडलं. समुपदेशकाकडच्या फेऱ्या, वकील, कोर्ट असं सगळं सांगून झाल्यावर तो शेवटी काय म्हणतो, तर पुन्हा लग्न करीन म्हणतो. सॅम्पल म्हणजे नुसती उचललेली चाल असं समजणाऱ्यांनी हे एक गाणं तरी ऐकावं. परीक्षणात सॅम्पलचा उल्लेख हवा तो एवढ्यासाठी. त्याला पैशाचीही बाजू आहे. सॅम्पल वापरायला दोन परवानग्या लागतात, एक मूळ ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि दुसरी चाल-शब्दांच्या हक्कदाराची. तोच तुकडा नव्यानं वाजवून घेतला तर पहिली वाचते. बजेट आटलेल्या रॅपरच्या अल्बममध्ये सॅम्पल गायब होऊन त्या जागी पातळ की-बोर्ड येतो तो बऱ्याचदा याच हिशेबामुळे. ऐकणाऱ्याला वाटतं, याची चव गेली.

‘लाइफ इज गुड’वर ती वेळ आली नाही. बहुतेक गाणी नो आय. डी. आणि सलाम रेमी या दोन प्रोड्यूसरांनी, म्हणजे बीट बांधणाऱ्यांनी, बांधली आहेत, त्यामुळे अल्बमला एकच घडण आहे. ‘चेरी वाइन’मध्ये ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसचा आवाज आहे. ती जुलै २०११ मध्ये गेली, म्हणजे हा अल्बम येण्याच्या वर्षभर आधी. सलाम रेमीनं तिच्यासोबतही काम केलं होतं, त्यामुळे तो आवाज वरून चिकटवल्यासारखा वाटत नाही. ‘द डॉन’च्या घडणीत रॅपर हेवी डी.चा हात होता, तोही नोव्हेंबर २०११ मध्ये गेला. ‘लोको-मोटिव्ह’मध्ये लार्ज प्रोफेसर येतो, १९९१ मध्ये त्याच्याच मेन सोर्स या गटाच्या गाण्यात नॅस पहिल्यांदा लोकांच्या कानावर पडला होता. ‘लोको-मोटिव्ह’च्या शेवटी नॅस ते गाणं नव्वदच्या दशकात अडकून पडलेल्यांना अर्पण करतो. टोमणा आहे आणि कबुलीही.

उणं कुठे? ‘समर ऑन स्मॅश’ सरळ काढून टाकावं. आठव्या क्रमांकावरचं हे पार्टीगीत रेडिओसाठी घातलेलं आहे, आणि त्याच्या आधीच्या दोन गाण्यांनी जमवलेलं वजन ते तीन-चार मिनिटांत उधळून टाकतं. ‘अॅक्सिडेंट मर्डरर्स’चा विषय जबरदस्त, पण पाहुणा रिक रॉस आला की विषय सुटतो आणि रुबाब सुरू होतो. आणि मोठी आवृत्ती विकत घेतली असेल, तर तिथे आणखी एक खोट आहे. ‘बाय बेबी’नंतर चार जादा गाणी जोडली आहेत, त्यातलं पहिलं ‘नॅस्टी’. ऑगस्ट २०११ मध्ये आधीच येऊन गेलेलं, छाती काढून केलेलं रॅप. गाणं झकास आहे, जागा चुकली. निरोप घेऊन दाराबाहेर पडलेला माणूस चप्पल विसरली म्हणून परत यावा तसं होतं. आपण कोणती आवृत्ती ऐकली हे परीक्षणात लिहावं, ही साधी मागणी आहे. चौदा गाण्यांचा अल्बम आणि अठरा गाण्यांचा अल्बम यांचं मूल्यमापन एकच कसं असेल?

आता आवाजाकडे. वय वाढलेल्या रॅपरचा दम कुठे जातो हे कानांनी ओळखता येतं. रॅपचं रूढ कडवं सोळा बारचं, प्रत्येक बारला चार ठोके. मिनिटाला ९० ठोक्यांचा बीट असेल तर एक बार सुमारे २.७ सेकंदांचा आणि सोळा बार म्हणजे जवळपास ४३ सेकंद. एवढा वेळ एका दमात बोलायचं, मध्ये श्वास चोरून घ्यायचा. दम कमी पडायला लागला की पहिली खूण म्हणजे ओळी चौथ्या ठोक्याच्या अलीकडेच तुटतात आणि शेवटची अक्षरं गिळली जातात. मग स्टुडिओतले उपाय सुरू होतात. एक, कडवं तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करून जोडणं, ज्याला पंच-इन म्हणतात. पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर मागच्या ओळीच्या शेवटच्या अक्षरावर चढलेलं ऐकू आलं तर समजावं की हे एका माणसानं एका दमात म्हटलेलं नाही. दोन, तीच ओळ दोनदा रेकॉर्ड करून एकावर एक ठेवणं. त्यानं आवाज जाड होतो आणि थरथर झाकली जाते. तीन, सोळाचे बारा बार करून हुक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं धृपद, लांबवणं, आणि हुक गायला पाहुणी गायिका आणणं. यात फसवणूक काही नाही. पोवाड्यात झीलकरी ‘जी जी र जी’ ओढून धरतात तेव्हा शाहिराला दम मिळतोच की. पण शाहीर फक्त हात वर करून उभा आणि सगळा पोवाडा झीलकऱ्यांच्या गळ्यात, असं झालं तर ते प्रेक्षकाला सांगायला हवं. नॅसच्या बाबतीत ही कसोटी लावली तर तो उत्तम टिकतो. ‘अ क्वीन्स स्टोरी’त लांब वाक्यं तो ओळीच्या पार नेतो आणि यमक शेवटी न ठेवता मधे पेरतो. विशीतल्यापेक्षा आवाज जड झालाय, घाई नाही.

याच्या शेजारी दुसरा अमेरिकन रॅपर एमिनेम ठेवून पाहा. एप्रिल २००६ मध्ये त्याचा मित्र प्रूफ मारला गेला, डिसेंबर २००७ मध्ये मेथाडोनच्या अतिमात्रेमुळे तो स्वतः मरता मरता वाचला. २००९ चा ‘रीलॅप्स’ आणि २०१० चा ‘रिकव्हरी’ हे दोन्ही पुनरागमनाचेच अल्बम. ‘रीलॅप्स’मध्ये तो चित्रविचित्र उच्चारांच्या मागे लपतो, पुढे एका गाण्यात त्यानं स्वतःच कबूल केलं की त्या उच्चारांचा अतिरेक झाला. ‘रिकव्हरी’त तो लपत नाही, पण ओरडतो. जवळजवळ प्रत्येक भावना एकाच पट्टीत, आणि हुक गायला रिहाना, पिंक. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत ‘रीलॅप्स’ खपला ६ लाख ८ हजार, ‘रिकव्हरी’ ७ लाख ४१ हजार, आणि नॅसचा ‘लाइफ इज गुड’ १ लाख ४९ हजार. तिन्ही पहिल्या क्रमांकावर आले. कारागिरीचं माप म्हणून हे आकडे निरुपयोगी आहेत. माझ्या मते तिघांत सर्वांत कमी खपलेला अल्बम सर्वांत जास्त टिकला.

आकडे द्यायचेच तर वर्ष बघून द्यावेत. २०१२ चे आकडे सीडी आणि डाउनलोडच्या प्रत्यक्ष विक्रीचे आहेत. डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या अल्बम यादीत स्ट्रीमिंगही धरलं जाऊ लागलं. तेव्हा १,५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम असा हिशेब होता, आणि पुढे तो हिशेबही बदलला. जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून ‘खप घटला’ किंवा ‘वाढला’ लिहिणं चूक आहे. रॅपर जे-झीचा ‘४:४४’ जून २०१७ च्या अखेरीस आला आणि आठवड्याच्या आत त्याला दहा लाखांचं प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळालं, त्यामागे स्प्रिंट या फोन कंपनीनं ग्राहकांना दिलेली डाउनलोड होती. तो अल्बम मात्र ऐकावाच. दहाच गाणी, सगळी नो आय. डी.च्या हातची, साधारण ३६ मिनिटं. बायकोशी केलेली प्रतारणा त्यात आहे आणि माफीही आहे, आणि पार्टीगीत घुसवलेलं नाही. ‘लाइफ इज गुड’मधून जे काढायला हवं होतं, ते तिथे मुळात घातलेलंच नाही.

एक गोष्ट लिहायलाच हवी. घटस्फोटाचा अल्बम नेहमी एका बाजूचा असतो. अमेरिकन गायक मार्व्हिन गे यानं १९७८ मध्ये ‘हिअर, माय डिअर’ काढला तेव्हा निदान त्याच्या रॉयल्टीतला वाटा घटस्फोटित पत्नीला मिळायचा होता. केलिसचा पोशाख मात्र मुखपृष्ठावर आला आणि तिची बाजू आत कुठेच नाही. २०१८ मध्ये एका मुलाखतीत तिनं नॅसवर मारहाणीचे आणि मानसिक छळाचे आरोप केले. नॅसनं ते नाकारले. खरंखोटं ठरवणं परीक्षकाचं काम नाही. पण ‘प्रामाणिक आत्मकथन’ हे शब्द वापरण्याआधी त्यानं थांबावं. कडवं अचूक असणं आणि ते खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कानांना कळते, दुसरी नाही.

हे सगळं आपल्या वाचकांना कशासाठी, असं कोणी म्हणेल. नॅसची मास अपील ही संगीत कंपनी २०१९ मध्ये युनिव्हर्सल म्युझिकच्या साथीनं भारतात आली आणि तिचा पहिला कलाकार होता मुंबईच्या अंधेरीचा रॅपर डिव्हाइन. म्हणजे क्वीन्सब्रिज आणि अंधेरी यांच्यात आता करारपत्राचंच नातं आहे. मुंबईच्या रॅपरांची पहिली पिढी तिशी ओलांडून गेली आहे. त्यांचेही संसार, आजार, कज्जे, गळ्याचे त्रास येतील आणि त्यांचेही पुनरागमनाचे अल्बम येतील. तेव्हा आपल्या परीक्षकांकडून मला एवढंच हवं आहे: पहिल्यांदा ऐकताना कलाकाराच्या मुलाखती वाचलेल्या नसाव्यात, चौकटीत आवृत्ती, एकूण मिनिटं आणि बीट बांधणाऱ्यांची नावं असावीत, एखादं गाणं फसलं असेल तर ते कितव्या मिनिटाला आणि कशानं फसलं हे लिहावं. चरित्राला एक परिच्छेद पुरे. आणि ताऱ्यांची पट्टी बंद केलीत तर ती जागा प्रोड्यूसरच्या नावांना पुरेल.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे