तांब्याभर पाणी

प्रिय ताई,

महिना झाला, तुला रोज काहीतरी लिहायला घेते आणि खोडते. फोनवर तुला सगळं सांगायची सवय असलेली मी, हे एवढंच मला सांगता येईना. म्हणून आज चारचौघांत लिहितेय.

आई गेली त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर अर्ध्या तासात 60 जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. सगळ्यांचा मजकूर एकच. यातले कितीतरी जण रोज जिन्यात भेटतात, त्यामुळे ही काही फोनवरची माणसं नव्हेत. दहाव्याला त्यांतलं एकही कुणी आलं नाही. 'मुलगी कशी विधी करणार?' म्हणत चुलतभावानंही पाठ फिरवली. इंदिरानगरहून रामकुंड असं किती लांब आहे? मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

आणि तू आलीस, पहाटेची एसटी धरून, न कळवता. आठ वर्षांत आपण एकदाही भेटलो नव्हतो. तुझ्या प्रोफाइलला कायम खंड्याचा फोटो, त्यामुळे कापडी पिशवी घेऊन समोर उभी राहिलेली बाई म्हणजे तू, हे कळलंच नाही. 'अगं, मी निफाडची,' म्हणालीस. फोनवर तुला सर्रास 'अगं-तुगं' करणारी मी, माझ्या तोंडून 'तुम्ही कशाला त्रास घेतलात' निघालं.

एप्रिलचं ऊन होतं. कावळा शिवेना. ओल्या साडीत, अनवाणी मी घाटाच्या तापल्या फरशीवर उभी होते, आणि पाय भाजतायत हे माझं मलाच कळत नव्हतं. तुला दिसलं. कुंडातून तांब्या भरून आणलास आणि माझ्या पावलांभोवती ओतलास. फरशी वाळली की पुन्हा आणलास. चार वेळा, की पाच. पक्ष्यांवर रात्र रात्र बोलणारी तू, त्या अर्ध्या तासात कावळ्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस.

ताई, तुझं गप्प राहणं मला तोवर माहीतच नव्हतं. फोनवर तू गप्प झालीस की मी निळ्या खुणा बघत बसायचे, काही चुकलं का म्हणून. घाटावर तू गप्प होतीस आणि मला धीर येत होता.

म्हणून आपली आधीची मैत्री खोटी होती असं कुणी म्हटलं तर मला पटणार नाही. 2020 मध्ये नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिला, त्या रात्री आपण एक वाजेपर्यंत लिहीत होतो. आईच्या डायलिसिसची पहिली बातमी मी तुलाच दिली होती, घरात कुणाला सांगायच्या आधी. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच ते जमलं असावं. पण माझे पाय तुला फोनमधून दिसले नसते.

शेवटी कावळा आला, आणि तू घाईनं निमाणीकडे निघालीस, बस चुकेल म्हणून. चहासुद्धा घेतला नाहीस.

रामकुंडावरचं पाणी पुढे तुमच्याकडेच येतं ना? परवा नकाशात बोटानं गोदावरी धरून मी नांदूर मध्यमेश्वरपर्यंत गेले. थंडीत रोहित पक्षी उतरले की कळव. चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर येते, डबा मी आणते. आईच्या पद्धतीची मेथीची भाजी आणि भाकरी.

तुझी,
इंदिरानगरची