गळके छत आणि अकरा महिन्यांचा करार

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या अंकात खड्डे, तुंबलेल्या गडरलाइनी, गळक्या शाळा यांच्या बातम्या येतात. त्या यायलाच हव्यात. पण याच शहरात किरायाच्या फ्लॅटमध्ये पलंग सरकवून बादली मांडणाऱ्या कुटुंबांबद्दल कुठे चार ओळी दिसत नाहीत. घरमालक आणि किरायेदाराची ती आपसातली बाब समजली जाते. कायद्याने त्यात बरेच काही सांगितले आहे, आणि जिथे खरी गरज तिथेच तो गप्प आहे, म्हणून हे पत्र.

आम्ही त्रिमूर्तीनगरकडे वरच्या मजल्यावर राहतो. मागच्या पावसाळ्यात बेडरूमच्या छताला, पंख्याच्या हुकापासून वीतभर अंतरावर, पिवळट वर्तुळ उमटले. आठवडाभरात पोपडे धरले, मग प्लास्टरचा तुकडा पडला आणि आत गंजलेली सळई दिसू लागली. पाणी वायरच्या कडेने पंख्यात उतरायला लागले तेव्हा आम्ही त्या खोलीचा पंखाच बंद केला. लेकरांना हॉलमध्ये झोपवले.

घरमालक माणूस वाईट नाहीत. दिवाळीला फराळाचा डबा येतो, पोरांची विचारपूस होते. पण दुरुस्तीचा विषय काढला की त्यांचे स्वतंत्र पंचांग सुरू होते. उन्हाळ्यात सांगितले तर, "पाऊस पडू द्या ना जी, कुठून गळते ते तर कळू द्या." पाऊस पडला की, "ओल्या स्लॅबवर काय काम होते? वाळू द्या." मग पोळा, मिस्त्री गावाला गेला. मारबतीची मिरवणूक निघाली, गावभराची ईडापीडा घेऊन गेली, आमची ओल तेवढी ठेवून गेली. त्यानंतर दिवाळी, मग लग्नसराई. मधेच एकदा, "तुमच्या कूलरच्या पाण्याने भिंत ओलावली असंन." कूलर खिडकीत आणि ओल छताला! पाणी वर चढते हे मला त्या दिवशी कळले.

यातले "पाऊस पडू द्या" हे तर सपशेल खोटे कारण आहे. गच्चीच्या पन्हाळीची तोंडे बंद करून एक दिवस पाणी साचवून ठेवले की गळती कुठे आहे ते भर एप्रिलमध्येही कळते. आमच्या मिस्त्रीने तेच केले. टाकीच्या ओट्याखाली भेग होती आणि पन्हाळीचे तोंड पालापाचोळ्याने बुजलेले, त्यामुळे पाणी तिथेच तुंबून मुरत होते. वॉटरप्रूफिंगला स्लॅब कोरडा लागतो हे खरे. पण नागपूरचा स्लॅब मार्च ते मे जितका कोरडा असतो तितका आणखी कुठे असणार? काम करायचे ते याच तीन महिन्यांत. आणि नेमके याच काळात बहुतेकांचे करार संपतात, कारण शाळा-कॉलेजच्या हिशेबाने घरे जूनला बदलली जातात. मालकाने अकरा महिने टोलवले की गळके छत पुढच्या किरायेदाराच्या नशिबी.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १४ स्पष्ट आहे. भाडेकरूने करारात वेगळे कबूल केले नसेल, तर घर राहण्याजोगे ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत काम केले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. म्हणजे महिना १२,००० रुपये भाडे असेल तर वर्षाला ३६,००० पर्यंत. बिले आणि पावत्या जपून ठेवल्या तर तो हिशेब मालकाला मान्य करावा लागतो.

वाचून बरे वाटते. पण हा हक्क भाडेकरूला आहे, आणि आज फ्लॅट दिले जातात ते अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे नुसत्या राहण्याच्या परवान्यावर. असा करार करणारा कायद्याच्या लेखी भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. त्याला कलम १४ चा आधार मिळत नाही. उलट मुदत संपून त्याने घर सोडले नाही, तर कलम २४ प्रमाणे मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट ताबा मागता येतो आणि दुप्पट दराने भरपाईही. घर खाली करून घ्यायला वेगळी वाट, छत दुरुस्त करून घ्यायला वाटच नाही. परवानाधारकाच्या हातात उरतो तो फक्त करारातला मजकूर, आणि त्यात दुरुस्तीबद्दल "घर चांगल्या स्थितीत परत करावे" एवढेच असते. म्हणजे तीही जबाबदारी आपलीच.

मालकांची बाजू मला कळत नाही असे नाही. इतवारी-महालातल्या जुन्या वाड्यांतून भाडेकरू न निघाल्याचे किस्से आपल्याकडे घरोघर ऐकवले जातात. १९४९ च्या सी. पी. अँड बेरार (तेव्हाचा मध्य प्रांत-वऱ्हाड) भाडे नियंत्रण हुकुमाखाली भाडेकरू काढायचा तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागे. १९९९ चा नवा कायदा २००० साली लागू झाला आणि तो हुकूम गेला, धास्ती मात्र राहिली. एकाच फ्लॅटच्या किरायावर म्हातारपण काढणारेही आहेत, त्यांना एकदम तीस-चाळीस हजार काढणे जड जाते. मग तसे सांगावे, हप्त्याने वळते करू. पंचांग कशाला?

आमचे काम शेवटी झाले ते करार वाढवताना. मालकांना दहा टक्के वाढ हवी होती आणि जुलैत फ्लॅट रिकामा राहण्याची भीतीही होती. आम्ही फेब्रुवारीतच तारखेसह फोटो, दोन मिस्त्र्यांचे लेखी अंदाजपत्रक आणि एक साधे पत्र स्पीड पोस्टाने पाठवले, त्याची प्रत व्हॉट्सअॅपवरही टाकली. आधी काम, मग वाढीव किरायावर सही. फोनवर कबूल केलेले दुसऱ्या दिवशी विरते. कागद घरात आला की त्यांचा पुण्याचा मुलगाही वाचतो.

इतर किरायेदारांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कोर्टासमोर स्टॅम्पपेपरवर नोटरी केली म्हणजे करार नोंदवला असे होत नाही. १९९९ च्याच कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचीही नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत किरायेदाराचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. दुसरे म्हणजे दुरुस्त्यांची वाटणी करारातच लिहून घ्या. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात तयार यादी आहे: इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, रंगसफेदी, पाइप, वायरिंग मालकाकडे, नळ, वॉशर, बटणे, खिडकीच्या काचा राहणाऱ्याकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा लागू होत नाही, पण त्यातली यादी आपल्या करारात उतरवायला कोणाची हरकत असणार? गच्ची सामाईक असेल तर "सोसायटीला लेखी कळवण्याची जबाबदारी मालकाची" हेही एका ओळीत घाला. किरायेदार सभासद नसल्याने त्याला तिथे कोणी उभे करत नाही.

दर डिसेंबरात विधिमंडळ इथेच भरते. नागपूरच्या आमदारांपैकी कोणीतरी या हिवाळी अधिवेशनात कलम १४ मध्ये "भाडेकरू"च्या जोडीला "परवानाधारक" घालण्याची मागणी करावी. आणि करार नोंदवण्याच्या ऑनलाइन अर्जात दुरुस्ती कोणाकडे, किती दिवसांत आणि न केल्यास किती रक्कम वळती, हे तीन रकाने भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकू नये. आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरला तर आभारी राहीन.

आपली,
एक वाचक
त्रिमूर्तीनगर, नागपूर