आजी कुठल्या कुशीवर झोपतात, असं विचारणाऱ्या ताईंना

ताई, स.न.वि.वि.

आईच्या दंडावरच्या, साखर मोजणाऱ्या सेन्सरचा चौदा दिवसांचा आलेख तुमच्याआधी दोघांनी पाहिला होता. पहिल्याने वरची सरासरी वाचली, १५४, म्हणजे अंदाजे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ७, आणि 'छान' म्हणून कागद परत केला. दुसऱ्याने पहाटे तीनची ५८ची खोच पाहून रात्रीचं इन्सुलिनच कमी केलं. उपाशीपोटीची साखर चढली, ती वेगळीच.

तुम्ही विचारलंत, "आजी कुठल्या कुशीवर झोपतात?" डाव्या. सेन्सरही डाव्याच दंडावर. दंड अंगाखाली दाबला की तिथल्या पेशींभोवतीच्या द्रवाची ये-जा मंदावते आणि यंत्र खोटा कमी आकडा दाखवतं. अशी खोच एकदम पडते, कूस बदलली की एकदम भरून येते. संशय आला तर बोट टोचून खात्री करा, म्हणालात. जेवण किंवा चालण्यानंतर मात्र बोटाचा आणि सेन्सरचा आकडा जुळेलच असं नाही. सेन्सर पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. नव्या सेन्सरचा पहिला दिवसही फार मनावर घ्यायचा नाही.

मग तुम्ही सरासरीवर चक्क अंगठा ठेवलात. आधी तळ बघायचा. साखर ७०च्या खाली एरवी ४ टक्के वेळेपर्यंत गेलेली चालते, म्हणजे दिवसाला साधारण तासभर. आईसारख्या थकलेल्या माणसाला १ टक्काच, जेमतेम पंधरा मिनिटं. त्यानंतर ७० ते १८०: इतरांना ७० टक्के हवेत, तिला ५० पुरेत. हा फरक आम्हाला कुणी सांगितलाच नव्हता.

आलेखातल्या पट्ट्यांचं तर फारच सोपं केलंत. मधली रेघ म्हणजे त्या त्या वेळच्या चौदा दिवसांच्या आकड्यांतला मधला आकडा, गडद पट्ट्यात निम्मी रीडिंग. दुपारी पट्टा रुंद असेल तर रोजचं काहीतरी बदलतंय: भाताचं प्रमाण, नाहीतर इन्सुलिन आणि जेवण यांतलं अंतर. पट्टा अरुंद पण वरच असेल तर रोज तेच चुकतंय, डोसचं बघायला हवं. आणि तो डोस ठरवणं तुम्ही डॉक्टरांवरच सोडलंत, तेही आवडलं.

हे सगळं आईकडे बघून बोलत होतात, माझ्याकडे नाही. तिला 'पेशंट' न म्हणता आजी म्हणणारं माणूस दवाखान्यात भेटतं, यावरचा तिचा विश्वास उडाला होता.

निघताना कागदाच्या कोपऱ्यात तुम्ही चष्म्याशिवाय वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात लिहिलंत: 'पुढचा उजव्या दंडावर'. तो कागद तिने फ्रिजला लावलाय.