पायाळू बाळासाठी पोट चोळू नका

संपादक महोदय,

बाळ पायाळू आहे म्हटलं की पोट चोळून घेण्याचे सल्ले सुरू होतात. कृपा करून असं करू नका. वार (बाळाला पोषण देणारा, गर्भाशयाला चिकटलेला भाग) सुटून रक्तस्राव होऊ शकतो. बाळ बाहेरून फिरवता येतं, पण रुग्णालयातच: पहिलटकरणीचं 36 आठवड्यांनंतर, इतरांचं 37 नंतर. आधी सोनोग्राफीत वार, पाणी, बाळाची पाठ पाहतात. गर्भाशय सैलावण्यासाठी टर्ब्युटालिन 0.25 मिलिग्रॅम त्वचेखाली देतात. मग एका हाताने बाळाचं ढुंगण ओटीपोटातून वर उचलायचं, दुसऱ्याने डोकं कोलांटीसारखं पुढे सरकवायचं. बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावले की लगेच थांबायचं. साधारण निम्म्या वेळा जमतं. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ न देणारं इंजेक्शन) विसरू नये. सिझेरियनची तारीख देण्याआधी डॉक्टरांनी हा पर्याय सांगायलाच हवा.

– एक प्रसूतितज्ज्ञ