रियाधला जाण्याआधी

रत्नागिरी, १५ जून २०२५

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, आम्ही खेळायला चाललोय, तिथल्या राजकारणाशी आमचा काय संबंध?" तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही. रात्रभर तेच डोक्यात राहिलं, म्हणून लिहितोय.

सौदीची राजधानी रियाधमध्ये होणाऱ्या ईस्पोर्ट्स वर्ल्ड कपला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या जागतिक स्पर्धेला, तू जाणार हे कळल्यावर मी आळीत पेढे वाटले, आईला विचार. बक्षिसंच सात कोटी डॉलरच्या वर आहेत म्हणे. हा पैसा येतो सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीतून. याच निधीच्या सॅव्ही कंपनीने २०२२ मध्ये ईएसएल आणि फेसिट या गेमच्या स्पर्धा भरवणाऱ्या दोन कंपन्या मिळून दीड अब्ज डॉलरला घेतल्या. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या सरकारने एका दिवसात ८१ जणांना मृत्युदंड दिला. सलमा अल-शेहाब ही इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात पीएचडी करणारी, दोन मुलांची आई. ट्विटरवर लिहिलं म्हणून तिला त्याच वर्षी ३४ वर्षांची शिक्षा झाली. पुढे शिक्षा कमी झाली आणि यंदा फेब्रुवारीत ती सुटली, पण पोरांची मधली वर्षं कोण परत देणार? तू तर दिवसभर काही ना काही लिहीत असतोस.

आता माझं सांगतो. मी सौदीतल्या दम्मामला एसीचं काम करायचो. १९९८ मध्ये तुझी आजी गेल्याची तार आली, तेव्हा माझा पासपोर्ट कंपनीच्या लोखंडी कपाटात होता आणि किल्ली मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या गळ्यात. कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असे त्या मालकाच्या सहीशिवाय देश सोडता येत नसे. तीन दिवस त्याच्या दारात चपला काढून उभा राहिलो. तो म्हणाला, हातातलं काम संपव, मग बघू. मी घरी पोचलो तेव्हा तेरावं उरकलं होतं. २०२१ मध्ये हे नियम बरेच सैल झाले, पण घरकामाच्या बायका, घरचे ड्रायव्हर, माळी यांना त्यातून वगळलं. आपल्या कोकणातली कितीतरी माणसं तिथेच राबतायत. तू विचारलेला संबंध माझ्यापुरता तरी हा आहे.

खेळणाऱ्यांच्या हातात काही नसतं, असं मात्र म्हणू नकोस. गेल्याच महिन्यात जिओगेसर या जागा ओळखायच्या ऑनलाइन खेळासाठी नकाशे बनवणाऱ्या पोरांनी निषेध म्हणून आपले नकाशे खेळता येणार नाहीत असे करून टाकले, आणि कंपनीने रियाधच्या या स्पर्धेतून अंग काढून घेतलं. २०२० मध्ये लीग ऑफ लेजंड्स या गेमच्या युरोपातल्या लीगने निओम या सौदीतल्या नव्या शहराच्या प्रकल्पाशी करार जाहीर केला. निओमसाठी हुवैतात जमातीला तिच्या गावांतून उठवत होते. लीगचे समालोचकच विरोधात उभे राहिले आणि करार दुसऱ्याच दिवशी मोडला. पोटावर पाय येईल हे ठाऊक असून ते बोलले, याचं मला फार मोल वाटतं.

जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. मीही गेलो होतो, त्याच पैशावर तुझं शिक्षण झालं. पण करारावर सही करण्याआधी, तिथे काय बोलायचं नि काय नाही यावर काही अट आहे का, ते नीट वाच. संघातल्या मुलांशी मोकळेपणाने बोल, मग ठरव. गेलास तर यजमानांच्या कौतुकाचं लिहून दिलेलं भाषण वाचू नकोस, एवढं माझं ऐक. जिंकलास तर आईला फोन कर, माझ्याशी मग बोल.

आणि हॉटेलवर कुणी सांभाळायला म्हणून पासपोर्ट मागितला, तर देऊ नकोस.

तुझा,
बाबा