रिक्षावाल्या मामांना

प्रिय मामा,

बालवाडीपासून नववीपर्यंत तुमच्या रिक्षातून शाळेत गेले, पण मनातलं तुम्हाला कधी सांगितलं नाही.

बाबा गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्या दुःखात आजी आईला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणाली. आई मला घेऊन सांगलीजवळचं हरिपूर सोडून शहरात विश्रामबागेत आली. मग तिनं मला फार जपलं. खाली खेळायला नाही, सहलीला नाही, कृष्णेच्या घाटावर तर नाहीच. गॅलरीतून मी मुलांची लपाछपी बघायचे. कोण कुठं लपलंय ते वरून सगळं दिसायचं, पण माझ्यावर कधी राज्य आलं नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर गणपती मंदिराच्या कोपऱ्यावर तुम्ही रिक्षा हळू करायचात. तिथं एक म्हातारी पिशवी घेऊन उभी असायची आणि आत बघायची. ती माझी आजी होती, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही तिला माझी नुसती नजरभेट घडवत होतात.

ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी पुढं ५७ फुटांच्याही वर गेलं. हरिपूरचा रस्ता बंद व्हायच्या आत तुम्ही आजी-आजोबांना काढलंत आणि थेट आमच्या दारात आणलंत. आई दार धरून उभी राहिली. तुम्ही एवढंच म्हणालात, “ताई, भांडायचं ते पाणी उतरल्यावर भांडा.”

आजोबा २००५ च्या पुरात पेवातली, जमिनीखालच्या खड्ड्यात साठवलेली हळद कशी गेली ते सांगत बसले. आजी गप्प होती, तिचं लुगडं चिखलानं भरलेलं. आईनं कपाटातून स्वतःचं नवं पातळ काढून तिच्या मांडीवर ठेवलं. आजी त्यात तोंड खुपसून रडली. माफी कुणी मागितली नाही. सकाळी आजीनं आईच्या आधी उठून चहा टाकला होता. पाणी उतरलं, पण भांडण काही झालं नाही.

दिवाळीनंतर आजोबांनी मला हरिपूरच्या रस्त्यावर सायकल शिकवली. चौदा वर्षांची घोडी, दोन्ही गुडघे फुटले, आणि आई चक्क घरी थांबली होती! एकदा समोरून तुमची रिक्षा गेली. तुम्ही मला ओळखलं नाहीत. रिक्षाबाहेर मला एकटीला तुम्ही कधी पाहिलंच नव्हतं ना.

हाक मारणार होते, पण हँडल सोडायची हिंमत झाली नाही. म्हणून आज लिहितेय. त्या रात्रीसाठी आणि त्या सगळ्या शनिवारांसाठी, मामा, मनापासून आभार.

तुमची,
मागच्या सीटवर खिडकीशी बसणारी