संकल्पाचा हिशेब महास्फोटाशी जुळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विश्व कसे निर्माण झाले यावर आपल्या पत्रसदरात सध्या चांगलीच जुंपली आहे. एका वाचकाच्या मते महास्फोट (बिग बँग, म्हणजे अतिउष्ण, अतिघन अवस्थेतून विश्व प्रसरण पावत आले हा सिद्धांत) ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात, म्हणजे सृष्टीच्या उगमावरच्या सूक्तात, आधीच सांगून ठेवलेला आहे. दुसऱ्याने ब्रह्मदेवाच्या दिवसाची 432 कोटी वर्षे आणि पृथ्वीचे वय यांची सांगड घातली. देव नाही हे विज्ञानाने सिद्ध केले आहे, असे म्हणत तिसऱ्याने या दोघांबरोबर घाटावरच्या आम्हा गुरुजींनाही गोदावरीत सोडून दिले. मी पंचवटीत तीस वर्षे भिक्षुकी करतो. त्याआधी बी.एस्सी. झालो, विषय फिजिक्स. दोन्हीकडचे थोडेथोडे खाल्ले असल्याने लिहितो आहे.

आधी ते 432 कोटी. यजमानाच्या हातावरून ताम्हनात पळीभर पाणी सोडण्याआधी आम्हाला संकल्प म्हणावा लागतो, म्हणजे काळाचा आणि जागेचा सगळा पत्ता सांगावा लागतो. अद्य ब्रह्मणो द्वितीये परार्धे, श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वन्तरे, अठ्ठाविसावे कलियुग, तिथून खाली उतरत उतरत 'गोदावर्याः उत्तरे तीरे'. (होळकर पूल ओलांडून जुन्या नाशकात सत्यनारायणाला गेलो की 'उत्तरे'चे 'दक्षिणे' करायचे. नवशिके तिथे हमखास चुकतात.)

याच संकल्पावरून गणित करून पाहा. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, त्यात चौदा मन्वंतरे. आपण सातव्यात, त्यातल्या अठ्ठाविसाव्या महायुगात (महायुग म्हणजे चार युगांचा एक फेरा). म्हणजे दिवस अजून निम्माही सरलेला नाही. हिशेब 197 कोटी वर्षांवर येतो. पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी. जुळणी दाखवायचीच तर 454 च्या शेजारी 197 मांडा, अख्खा दिवस कशाला? आणि 'द्वितीये परार्धे' म्हणजे ब्रह्मदेवाच्या शंभर वर्षांच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग, त्याची पन्नाशी उलटली. ती वर्षे मोजली तर 155 लाख कोटींच्या वर जातात, तर विश्वाचे वय आज सुमारे 1380 कोटी मानतात. अकरा हजार पटींचा फरक! सोयीचा आकडा तेवढा उचलून बाकीचे झाकायचे, याला आमच्या धंद्यात मुहूर्त 'बसवून देणे' म्हणतात. चांगल्या अर्थाने म्हणत नाहीत.

सूक्ताबद्दल तर मला वाईटच वाटले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले 129वे सूक्त, ऋचा सातच. 'को अद्धा वेद', खरोखर कोण जाणतो, असे तो ऋषी विचारतो. देवसुद्धा सृष्टीनंतरचे, मग ही कुठून आली हे कोण सांगणार? आणि शेवटी, परम आकाशात जो याचा अध्यक्ष आहे तो जाणत असेल, 'यदि वा न वेद', किंवा तोही जाणत नसेल. इतक्या धिटाईने प्रश्न उघडा ठेवणाऱ्याच्या तोंडात आपण आयते उत्तर कोंबतो आणि वर त्याचा अभिमान बाळगतो.

गंमत म्हणजे महास्फोटाची कल्पना विज्ञानात मांडली तीही एका धर्मगुरूने. जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे कॅथलिक पाद्री. विश्व प्रसरण पावते आहे हे त्यांनी 1927 मध्ये गणिताने दाखवले आणि 1931 मध्ये 'आदिअणू' मांडला, म्हणजे विश्वाची सुरुवात एकाच अणूपासून झाली असे म्हटले. 1951 साली पोप बारावे पायस यांनी जाहीर भाषणात म्हटले की विज्ञान आता सृष्टीच्या निर्मितीची साक्ष देते आहे. दुसरा पाद्री हरखला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नापासून पूर्ण अलग आहे, अशी त्यांची भूमिका होती आणि ती त्यांनी वरपर्यंत पोहोचवली. पुढल्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो विषय काढला नाही. मी पुरोहित म्हणून लमेत्रांना मानतो ते यासाठी.

महास्फोटाचा पुरावा मिळाला तो 1964-65 मध्ये, अमेरिकेत. पेंझियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या रेडिओ अँटेनात, तो आकाशात कुठेही वळवला तरी, एकसारखी खरखर येई. आत कबुतरांनी घाण केली होती, ती काढली, तरी खरखर थांबेना. (घाटावर राहणाऱ्याला कबुतरांचे काही सांगायला नको.) ती खरखर म्हणजे विश्वाच्या बाल्यावस्थेतली उष्णता, आता निवून निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे सर्वांत कमी शक्य तापमानाच्या, वर जेमतेम 2.7 अंश उरलेली. 1966 मध्ये वारण्यापूर्वी ही बातमी लमेत्रांच्या कानावर गेली होती.

तरीही आपले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्याबरोबर महास्फोटाला पर्यायी सिद्धांत मांडत राहिले. 'बिग बँग' हे नावही हॉयल यांनीच 1949 मध्ये बीबीसी रेडिओवर, विरोधात बोलताना उच्चारलेले. बहुसंख्य शास्त्रज्ञांना नारळीकरांचे म्हणणे पटले नाही, पण त्यांनी ते निरीक्षणे आणि गणित घेऊनच मांडले. उद्या सिद्धांतात फेरफार झाला, तर वेदात महास्फोट शोधणारे वेदही दुरुस्त करणार का?

तिसऱ्या पत्रलेखकांना एकच सांगतो. फिजिक्सची समीकरणे पहिल्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशापर्यंत मागे जातात. त्यापलीकडे आज ती गप्प होतात. तिथे देव आहे असे मी म्हणत नाही, पण नाही हे विज्ञानाने सिद्ध केल्याचे तुम्हीही म्हणू नका. आणि आमचा सिंहस्थ कुंभमेळा गुरू ग्रह सिंह राशीत आल्यावर भरतो. गुरूची प्रदक्षिणा 11.86 वर्षांची. तो कधी येतो हे पंचांगकर्ते गणिताने काढतात, त्यांना कुणाचा दृष्टांत होत नाही.

मागे एका मुंजीत आठ वर्षांच्या बटूने मधेच विचारले, "गुरुजी, ब्रह्मदेवाच्या आधी काय होतं?" आईने डोळे वटारले. मी म्हटले, "माहीत नाही रे." तो म्हणाला, "मग एवढं मोठ्यानं का म्हणता?" सगळे हसले, मीही हसलो. उत्तर मात्र सुचले नाही.

वरच्या आकड्यांबद्दल कुणाला शंका असेल तर सकाळी आठनंतर घाटावर यावे, कागद-पेन्सिल घेऊन बसू. अमावास्या सोडून. त्या दिवशी श्राद्धांची गर्दी असते.

आपला,
एक भिक्षुक, पंचवटी, नाशिक